पाहुण्यांसाठी बांधलेले नगर

जुन्या घराच्या आवारात पाहुण्यांसाठी वेगळे घर बांधायचे ठरले की पहिला वाद रूपावरून पेटतो. पवना, मुळशी, गंगापूर अशा धरणांच्या पाण्याकाठी ज्यांनी पूर्वी कौलारू घरे बांधली, त्यांच्याकडे आता सुना-जावई, नातवंडे आणि शनिवार-रविवारची मित्रमंडळी मावेनाशी होतात आणि आवारातच एक गेस्ट हाउस उठवायचे घाटते. मग एक पक्ष म्हणतो, नवे घर जुन्यासारखेच दिसले पाहिजे. तशीच कौले, तशाच कमानी, चुन्याऐवजी चुन्यासारखा दिसणारा रंग. दुसरा पक्ष म्हणतो, नव्याने नवेच दिसावे. काच, पोलाद, सपाट स्लॅब, आणि जुन्याशी मुद्दाम केलेला विरोध. या दोघांचा वाद वरवर कितीही टोकाचा वाटला तरी एका गोष्टीवर त्यांचे एकमत असते. घरे जुळतात ती चेहऱ्याने, असे दोघेही धरून चालतात. मला हे गृहीतक चुकीचे वाटते, आणि ते चुकीचे का, हे समजून घ्यायला खानदेशातल्या फैजपूरचे एक उदाहरण फार उपयोगी आहे. तिथे तलाव नव्हता, बंगलाही नव्हता. होते एक नांदते गाव, आणि त्याच्या शेजारी डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसच्या अधिवेशनाला देशभरातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी उभारलेले टिळकनगर. जुन्याशेजारी नवे बांधताना माप, साहित्य आणि कामाचे हात जुळले तर चेहरा जुळवायची वेगळी खटपट करावी लागत नाही, हे त्या नगराने जितके स्पष्ट दाखवले तितके मराठी मुलखात दुसऱ्या कुठल्या बांधकामाने क्वचितच दाखवले असेल.

त्याआधी खानदेशात परक्या पाहुण्याची सोय कशी होत असे, ते पाहायला हवे. या बाबतीतली एक जुनी आणि चविष्ट तक्रार इंग्रज वकील सर थॉमस रो याची आहे. 1615 च्या नोव्हेंबरात तो सुरतेहून निघून नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर या वाटेने बऱ्हाणपूरला पोचला. चोपड्याहून रावेरला जाणारा आजचा रस्ताही यावल, फैजपूर, सावदा असाच जातो. बऱ्हाणपूरच्या सराईत त्याला चार खोल्या दिल्या गेल्या. रोच्या लेखी त्या खोल्या नव्हत्याच, भिंतीत कोरलेल्या विटांच्या भट्ट्या होत्या, वर गोल आणि आकारानेही तेवढ्याच. त्याने आपले तंबू ठोकले आणि तिथे मुक्काम केला. राजदूताचा ताठा यातून वजा केला तरी एक गोष्ट उरते. सराई वाटसरूच्या आणि त्याच्या जनावरांच्या सुरक्षिततेसाठी बांधलेली असे. तिच्या जाड भिंती आणि मोठा दरवाजा हे चोरांचा विचार करून ठरलेले. तिथे उतरणाऱ्याचे गावाशी नाते रात्रीपुरते, आणि तेही दरवाजा बंद झाल्यावर संपणारे. पुढे इंग्रजी अंमलात आलेला डाक बंगला दुसऱ्या टोकाला गेला. तो सुरक्षिततेसाठी भिंतींवर नाही, अंतरावर विसंबला. मोठ्या आवाराच्या मधोमध घर, चहूबाजूंनी व्हरांडा, मुदपाकखाना मागे लांब, आणि गाव त्याहूनही लांब. अजिंठ्याच्या लेण्यांसाठी फर्दापूरला असलेला प्रवाशांचा बंगला काय किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याची नंतरची विश्रामगृहे काय, सगळ्यांचा नकाशा या एका कल्पनेवर बेतलेला. हवेच्या दृष्टीने तो नकाशा वाईट नव्हता. खानदेशच्या उन्हात खोल व्हरांड्याइतके शहाणपण दुसरे नाही. पण पाहुण्याला यजमानापासून दूर ठेवणे हाच त्याचा हेतू होता, आणि आजही पुष्कळ गेस्ट हाउसे नकळत तोच हेतू पुढे चालवतात.

खानदेशच्या स्वतःच्या घरात पाहुण्याची जागा या दोन्हींहून वेगळी होती. तापी आणि सातपुडा यांच्यामधल्या या पट्ट्यात पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर. म्हणून घरे धाब्याची. लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर फळ्या किंवा काड्यांचा थर, आणि वर पाणी न झिरपू देणाऱ्या पांढऱ्या मातीचा जाड लेप. भिंती मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या, हातभर आणि त्याहूनही जाड, म्हणजे दुपारची आग आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. उन्हाळ्यात निजायला धाबे. घर मोजायचे ते खणांत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि ते अंतर ठरवणार सातपुड्यातून येणाऱ्या सागाच्या किंवा अंजनाच्या तुळईची लांबी. त्यामुळे कुटुंब वाढले की घर खणाखणाने वाढत जाई, आणि शंभर वर्षांनी जोडलेला खणही जुन्याच्या मापातच बसे, कारण माप कुणा रचनाकाराच्या आवडीवर सोडलेले नव्हते. पाहुणा आधी ओट्यावर बसायचा, मग ओळखीप्रमाणे पडवीत, बैठकीत किंवा थेट चुलीपाशी. लग्नासारख्या प्रसंगी वऱ्हाड मोठे असेल तर गावातलेच एखादे घर किंवा वाडा रिकामा करून जानवसा दिला जाई आणि वधूच्या दारापुढे मांडव पडे. मांडव म्हणजे घराला काही दिवसांसाठी जोडलेले आणखी काही खण. त्याचे खांब जवळच्या रानातले, वरचा पाला आंब्या-जांभळाचा, आणि तो उभारायला भाऊबंद व बलुतेदार. पाहुण्यांसाठी तात्पुरते आणि तरीही घराशी जुळणारे बांधकाम कसे करावे, याची रीत खानदेशाला 1936 च्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. टिळकनगरचे मूळ मी तिथे शोधतो.

काँग्रेसचे अधिवेशन खेड्यात भरवावे, हा आग्रह गांधीजींचा. 1936 च्या एप्रिलअखेर ते वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले होते. अखिल भारत ग्रामोद्योग संघ 1934 च्या डिसेंबरात निघाला होता आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत होते. शहरात लाखो रुपयांचा मंडप घालायचा आणि त्याखाली खेड्यांच्या दारिद्र्याचे ठराव करायचे, ही विसंगती गांधीजींना टोचत होती. फैजपूर निवडले गेले त्यामागे व्यवहारही होता. भुसावळ-खंडवा लोहमार्गावरचे सावदा स्थानक जवळ होते, आणि पूर्व खानदेशात राष्ट्रीय चळवळीचे कार्यकर्ते भक्कम होते. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी अधिवेशनाच्या उभारणीचा भार उचलला, शंकरराव देव स्वागताध्यक्ष झाले, भुसावळचे अण्णासाहेब दास्ताने होते, आणि साने गुरुजी गावोगाव हिंडून माणसे जोडत होते. काँग्रेसच्या पन्नासाव्या अधिवेशनाचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खेड्यात भरणारे हे पहिलेच अधिवेशन. नगराच्या आखणीसाठी म्हात्रे नावाचे वास्तुकार होते, आणि सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या कलाभवनातून नंदलाल बोस यांना बोलावले. नंदलाल मुळात चित्रकार. त्याच वर्षी लखनौच्या अधिवेशनात त्यांनी कलाप्रदर्शन मांडले होते, पण अख्खे नगर उभारणे ही गोष्ट वेगळी. त्यांना घातलेली अट साधी होती. जे काही करायचे ते खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंतून आणि खेड्यातल्या कारागिरांच्या हातून व्हावे. 25 डिसेंबरला प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी म्हात्रे आणि नंदलाल या दोघांना श्रेय दिले, आणि कलेची जाण आपल्याला असली तरी ती मूर्त करायची इंद्रिये देवाने दिलेली नाहीत, अशा अर्थाची मोकळी कबुलीही दिली. बांधून घेणाऱ्याने आपली मर्यादा इतकी नेमकी सांगितल्याची उदाहरणे फार नाहीत. आजच्या कितीतरी वास्तुकारांना असा यजमान हवा असेल.

या अटीतून जे उभे राहिले ते बांबूचे, चटयांचे, गवताचे आणि मातीचे नगर. दरवाजे, कमानी, व्यासपीठ, राहण्याच्या झोपड्या, प्रदर्शनाची दालने, सगळे त्याच साहित्यातून. रंगाला लाकूड-बांबूचा आणि मातीचा मूळ रंग, नक्षीला बुरुडकामाची वीण, शोभेला शेतकऱ्याच्या घरातल्याच टोपल्या आणि मडकी. अध्यक्षांची मिरवणूकही मोटारीतून न काढता बैलांनी ओढलेल्या, नंदलाल यांनी सजवलेल्या रथातून निघाली. मला यातली शोभा दुय्यम वाटते. महत्त्वाचे हे की बांबूची लांबी, चटईची रुंदी आणि दोन माणसांना उचलता येईल इतके वजन, यांनी नगराचे माप ठरवले. म्हणजे धाब्याच्या घरात तुळई जे काम करते तेच इथे बांबूने केले. गाव आणि नगर यांचे चेहरे वेगळे होते. गाव मातीच्या सपाट छपरांचे, नगर बांबू-गवताचे. तरीही ते परके वाटायला जागा उरली नाही, कारण दोन्हीकडचे मोजमाप माणसाच्या हाताला आणि जवळच्या रानाला बांधलेले होते. त्याच वर्षांत मुंबईत ओव्हलच्या पश्चिमेला आणि मरीन ड्राइव्हवर सिमेंट-काँक्रीटच्या गोल कोपऱ्यांच्या इमारती रांगेने उठत होत्या, आणि आधुनिक म्हणजे तेच, अशी शिकलेल्यांची समजूत होती. त्या इमारती सुंदर आहेत, याबद्दल वाद नाही. पण साहित्याचा प्रामाणिक वापर, उगाच नक्षी न चिकटवणे, गरजेतून आकार काढणे ही जर आधुनिकतेची लक्षणे मानायची, तर ती फैजपूरच्या चटईच्या भिंतीत मरीन ड्राइव्हपेक्षा कमी नव्हती. नेहरूंची दृष्टी यंत्रयुगाची होती. दोनच वर्षांनी ते राष्ट्रीय नियोजन समितीचे अध्यक्ष झाले. पण फैजपूरला त्यांच्या अध्यक्षतेखाली शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव झाला, त्याच गावी प्रा. एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली किसान सभेचे अधिवेशन भरले, आणि तुरुंगातून नुकतेच सुटलेले मानवेंद्रनाथ रॉयही तिथे आले. त्या चटईच्या भिंतींआड विसाव्या शतकातले बहुतेक सगळे वाद एकमेकांशी बोलत होते. झोपड्यांत राहणारे जुनाट विचारांचे होते असे म्हणण्याची सोय त्यामुळे राहत नाही.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा येईल की हे सगळे नाटकी होते. बंगालमधून चित्रकार आणायचा, त्याच्याकडून खेड्यासारखे दिसणारे एक खेडे खेड्याच्याच शेजारी उभारून घ्यायचे, आणि शहरी पाहुण्यांनी ते पाहून गहिवरायचे. यात तथ्य आहे, आणि ते झटकून टाकणे बरोबर नाही. रचनेचा निर्णय फैजपूरच्या सुताराने किंवा बुरुडाने घेतला नव्हता, तो बाहेरून आला. शेतकऱ्याच्या टोपलीला शोभेची वस्तू करण्यात थोडी शहरी नजर असतेच. शिवाय गावातल्या पाटलाच्या घरात त्या काळी माळव्यातून, मुंबईतून आलेल्या वस्तू असतच. शुद्ध खेडे ही कल्पना खेड्याबाहेरची आहे. पण आक्षेप घेणारा एक गोष्ट विसरतो. नाटकाचा पडदा दुकानातून भाड्याने आणतात आणि खेळ संपला की परत करतात. टिळकनगरसाठी बांबू विकणारा, चटई विणणारा, माती वाहणारा, गाडी जुंपणारा माणूस याच पट्ट्यातला असावा, ही तर अटच होती. कुमारप्पा ज्या अर्थव्यवहाराची मांडणी करत होते त्याचा हा प्रयोग होता. पाहुण्यांवर खर्च होणारा पैसा यजमानाच्या गावात राहिला पाहिजे. रचनाकार बाहेरचा आणि हात गावातले, ही विभागणी आदर्श नसेल, पण हात आणि साहित्य दोन्ही बाहेरून आणून वर खेड्याचा मुखवटा चढवणाऱ्या आजच्या रिसॉर्टांपेक्षा ती कितीतरी प्रामाणिक होती. या रिसॉर्टांत चुलीवरची भाकरी मिळते, पण भिंत गुजरातेतून आलेल्या टाइल्सची आणि ती बसवणारी टोळी दुसऱ्या राज्यातली.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. अधिवेशन 27 आणि 28 डिसेंबरचे. थंडीतले कोरडे दिवस. पाऊस नाही, लू नाही. अशा दिवसांत चटईची भिंत चालली म्हणून बारमाही घरासाठी तिच्यातून काय शिकायचे? शिवाय लाखाच्या घरात लोक जमले, अशा गर्दीसाठीचे नगर आणि चार पाहुण्यांसाठीचे घर यांची तुलना कशी करायची? आक्षेप रास्त आहे, पण तो साहित्यावर अडकतो आणि पद्धतीकडे पाहत नाही. मांडवासाठी पाला, घरासाठी पांढरी माती, अधिवेशनासाठी बांबू. तिन्ही ठिकाणी साहित्य निराळे, कारण मुक्कामाचा काळ निराळा. किती दिवस राहायचे आहे आणि नंतर जागा कुणाला परत करायची आहे, हे आधी ठरले आणि मग साहित्य निवडले गेले. फैजपूरची जमीन शेतीची होती, ती शेतीला परत जायची होती. काढून नेता येईल असे बांधणे ही तिथे उणीव नव्हती, गरज होती. आज तलावाकाठी वर्षातून वीस-तीस दिवस वापरायच्या खोल्यांसाठी लोक शंभर वर्षे टिकणारा पाया खणतात आणि उरलेले दिवस ओलीने फुगलेली दारे बंद ठेवतात. टिकाऊपणाचा विचार इथे खरे तर कुणीच केलेला नसतो. सिमेंटची पोती आणि टिकाऊपणा या दोन गोष्टींची गल्लत झालेली असते, इतकेच.

पण या मुद्द्यावर फैजपूरच्या बाजूने फार ताणताही येत नाही, हे मान्य करायला हवे. धाब्यावर दर पावसाळ्याआधी माती टाकावी लागते, आणि ती टाकायला जाणता माणूस आता मिळत नाही. केळीच्या पैशाने गेल्या दोन-तीन पिढ्यांत यावल-रावेर तालुक्यांतली धाबी उतरली आणि स्लॅब पडले, ते लोकांना परंपरेचा कंटाळा आला म्हणून नाही. पांढऱ्या मातीची देखभाल करणारी श्रमाची व्यवस्था मोडली, आणि जे घर सांभाळायला माणूस नाही ते घर कितीही थंड असले तरी राहते कसे ठेवायचे? जुन्या घरांत स्वयंपाकघर अंधारे आणि धुराचे असे, त्याचा त्रास बायकांनी काढला, आणि घरांच्या सौंदर्याचे गोडवे गाणाऱ्यांनी तिकडे फारसे पाहिले नाही, हेही खरे. तेव्हा जुन्याशी जुळणे म्हणजे जुन्याच्या खोडी जपणे नव्हे. आणि सिमेंट हाताळणे म्हणजे जुळणे सोडून देणेही नव्हे. याचा पुरावा फैजपूरच्याच काळात, पण देशाच्या दुसऱ्या टोकाला सापडतो. पाँडिचेरीला श्रीअरविंद आश्रमाच्या साधकांच्या निवासासाठी ‘गोलकोंड’ ही इमारत आखली जात होती. वास्तुकार अँटोनिन रेमंड, त्यांच्याबरोबर जॉर्ज नाकाशिमा आणि फ्रांटिशेक सॅमर. काम 1937 मध्ये सुरू झाले आणि महायुद्धाच्या काळात पूर्ण झाले. सगळे काँक्रीट. पण उत्तर आणि दक्षिण बाजूंना भिंती जवळजवळ नाहीतच, त्यांच्या जागी फिरवता येणाऱ्या आडव्या पट्ट्या. छपरावर काँक्रीटचे दुसरे कवच, आणि दोन्हींच्या मधून वारा. खोल्यांची दारे सरकत्या सागवानी पट्ट्यांची, म्हणजे बंद केली तरी हवा खेळते. पंख्यावाचून राहता येईल असे हे काँक्रीट. गोलकोंड आणि टिळकनगर दिसायला एकमेकांच्या जवळपासही जात नाहीत. तरीही मला ती एकाच घराण्यातली वाटतात, कारण दोन्ही ठिकाणी आधी ऊन-वारा आणि मुक्कामाचा काळ मोजला गेला आणि मग साहित्याला आकार दिला गेला.

जुन्या घराच्या अगदी कुशीत, पाण्याकाठी, नवी वास्तू जोडण्याचे भारतातले सर्वांत शिकवणारे उदाहरण मात्र याहून नंतरचे आहे. अहमदाबादेत साबरमतीच्या काठावर गांधीजींचे ‘हृदयकुंज’ हे घर. त्याच्या शेजारी गांधी स्मारक संग्रहालय बांधण्याचे काम मुंबईच्या तरुण चार्ल्स कोरिया यांच्याकडे आले, आणि 1963 मध्ये त्याचे उद्घाटन नेहरूंनीच केले. कोरिया यांनी हृदयकुंजाची नक्कल केली नाही. त्यांनी सहा मीटर बाय सहा मीटरचा एक घटक घेतला. चार विटांचे खांब, वर काँक्रीटच्या पन्हळ्या, त्यांवर कौलांचे छप्पर. हे घटक काही उघडे, काही झाकलेले, असे मांडत गेले आणि मधे पाण्याचा एक चौक ठेवला. खिडक्यांना काच नाही, लाकडी पट्ट्या. संग्रह वाढला तर घटक जोडत जायचे. हे वाचताना खानदेशच्या माणसाला खण आठवेल, आणि आठवला पाहिजे. कोरिया यांनी ते फैजपूरवरून किंवा धाब्याच्या घरावरून घेतले असे मला सुचवायचे नाही. तसा दावा करायची गरजही नाही. एकच प्रश्न नीट विचारला की उत्तरे एकमेकांच्या जवळ येतात, एवढेच. हृदयकुंज आणि संग्रहालय यांच्यात वय, साहित्य, काम सगळ्यांचे अंतर आहे. पण खांबाची उंची, छपराचा उतार, ओट्याची पायरी, झाडांच्या सावलीत वाट कशी वळते, या गोष्टींत संग्रहालय जुन्या घराच्या वरचढ आवाजात बोलत नाही. पाहुण्यांसाठी बांधलेल्या घराचे हेच खरे कसब.

कुणी म्हणेल, संग्रहालय किंवा अधिवेशन यांना सार्वजनिक हेतू असतो, गांधीजींसारखा यजमान असतो. खासगी तलावाकाठच्या मालकाने इतका विचार का करावा? त्याने आपल्या पैशाने आपल्या आवारात काय बांधावे हा त्याचा प्रश्न. हा आक्षेप मला इतरांपेक्षा कमजोर वाटतो, आणि त्याचे उत्तर पाणीच देते. तलाव कुणाच्या आवारात संपत नाही. गेस्ट हाउसचे सांडपाणी कुठे जाते, उतारावरची माती कुठे वाहते, रात्रीचा दिवा समोरच्या काठावर कुठवर पोचतो, या गोष्टी मालकाच्या कुंपणाला जुमानत नाहीत. टिळकनगरच्या आयोजकांना हे चांगले कळले होते. लाखभर माणसे एका गावाच्या विहिरींवर आणि शिवारावर येऊन पडणार होती. पाण्याची आणि शौचाची व्यवस्था हा म्हणून तिथे व्यासपीठाइतकाच महत्त्वाचा विषय झाला, आणि सफाईचे काम स्वयंसेवकांनी स्वतःच्या हाताने केले. पुढच्या हरिपुरा अधिवेशनात, 1938 च्या फेब्रुवारीत, तर नगर थेट नदीच्या काठीच बसले, आणि ती नदीही तापीच होती, खानदेशातून वाहत आलेली. तिथेही नंदलाल बोस होते. त्यांनी कामकरी माणसांची जी पोस्टर-चित्रे कागदावर रंगवली त्यांनी हरिपुऱ्याचे नाव कलेच्या इतिहासात कायमचे केले, आणि त्या प्रकाशात फैजपूरचे काम मागे पडले. रंगवलेले कागद संग्रहालयात ठेवता येतात, चटईच्या भिंती नाही. कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांसाठी ही अडचण असेल. घर बांधणाऱ्यासाठी मात्र फैजपूर जास्त कामाचे, कारण तिथे चित्राआधी माप होते.

तेव्हा पाण्याकाठच्या जुन्या घराशेजारी नवे पाहुण्यांचे घर आखणाऱ्याने काय करावे? कौले लावावीत की स्लॅब टाकावा, हा प्रश्न त्याने शेवटी ठेवावा. आधी जुन्या घराचा खण मोजावा, म्हणजे दोन खांबांतले अंतर, ओट्याची उंची, छपराच्या कडेची जमिनीपासूनची उंची. नव्या घराचा कणा त्या मापात बसवला तर भिंत काँक्रीटची असली तरी बिघडत नाही. मग पाहावे की वारा कोणत्या महिन्यात कुठून येतो आणि पाण्यावरून उसळणारी चकाकी दुपारी कोणत्या भिंतीवर आदळते. पाण्याच्या दिशेला सगळीकडे काच लावण्याचा मोह या एका निरीक्षणाने निम्मा उतरतो. मग विचारावे की आसपासच्या दहा-पंधरा कोसांत कोण गवंडी, कोण सुतार, कोण बुरूड अजून काम करतो, आणि त्याला कोणते साहित्य हाताळता येते. त्याच्या हाताला जे जमते तेच दहा वर्षांनी दुरुस्त करता येईल. वापर वर्षातून महिनाभराचा असेल तर काढून नेता येईल अशी वरची बांधणी आणि जमिनीला कमीत कमी इजा करणारा पाया, हा पर्याय आधी तपासावा आणि मगच नाकारावा. आणि दार कुठे ठेवायचे, हे या सगळ्या मोजमापाच्याही आधी ठरवावे. डाक बंगल्यासारखे जुन्या घराकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून, की पाहुण्याला सकाळी उठल्यावर यजमानाच्या ओट्यावरूनच पाण्याकडे जावे लागेल अशा जागी. पहिल्या रचनेत पाहुण्याला एकांत मिळतो आणि तो पुष्कळांना हवा असतो, हे मी नाकारत नाही. मग त्याला भाड्याच्या खोलीत उतरवावे. घराच्या आवारात बांधायचे असेल तर दार ओट्याच्या बाजूलाच असले पाहिजे.